एक ठोका, मागच्या बाजूचा

तो आवाज प्रथम माझ्या मुलीने ऐकला. दगडगोट्यांनी भरलेल्या ओढ्यांतून आणि खोल चाकोऱ्या पडलेल्या कच्च्या वाटांवरून दोन दिवस गाडी फिरवून आम्ही परतत होतो. ती मागच्या आसनावर बसली होती. डांबरी रस्त्याला लागताना मी गिअर बदलला, तेव्हा ती म्हणाली, "बाबा, खाली काहीतरी आपटलं." सामान हलले असेल, असे म्हणून मी पुढे निघालो. थोड्या वेळाने तिने पुन्हा तेच सांगितले आणि या वेळी एक वाक्य जास्त जोडले : "तुम्ही अ‍ॅक्सिलरेटरवरून पाय काढलात की येतो, आणि परत दाबलात की येतो." पुढचे तीन आठवडे मी जे काही शोधले, उघडले, बदलले आणि पुन्हा बसवले, त्या सगळ्याचे उत्तर त्या वाक्यात होते. आवाज कधी येतो हे ती मला सांगत होती, आणि मी मात्र तो कुठून येतो हे शोधत बसलो.

माझी गाडी शिडीसारख्या चॅसीची (तळाच्या सांगाड्याची) आहे आणि तिची मागची दोन्ही चाके एकाच ताठ अ‍ॅक्सलवर बसलेली आहेत. हा अ‍ॅक्सल चॅसीला थेट कुठेच जोडलेला नसतो. वरचे दोन आणि खालचे दोन असे चार दांडे त्याला पुढे-मागे सरकू देत नाहीत आणि एक आडवा पानार रॉड त्याला डावी-उजवीकडे जाऊ देत नाही. या पाच दांड्यांच्या दहा टोकांना दहा रबरी बुश, म्हणजे नळीत बसवलेले रबरी सांधे, असतात. दोन शॉक अ‍ॅब्सॉर्बरांची चार टोके वेगळी. इंजिनाची ताकद मागे नेणाऱ्या प्रोपेलर शाफ्टला दोन क्रॉस (कोनातही फिरणारे सांधे) आणि एक सरकता सांधा असतो. डिफरन्शियलच्या, म्हणजे दोन चाकांत ताकद वाटणाऱ्या पेटीच्या, आतले दाते, तिथून चाकांकडे जाणाऱ्या हाफ शाफ्टचे आटे (लांबीत कापलेल्या खाचा), ब्रेकचे शू हे आणखी निराळे. खडकावर एक चाक वर आणि दुसरे खड्ड्यात असताना हा अ‍ॅक्सल तिरपा होऊ शकतो, तो या सगळ्या सांध्यांच्या जिवावर. यांपैकी कोणत्याही एका सांध्यात अर्ध्या मिलिमीटरची जास्तीची मोकळीक झाली, तर दोन टनांच्या गाडीचा भार तेवढे अंतर एका झटक्यात ओलांडतो आणि पलीकडच्या पोलादावर आदळतो. मागून येणारा ठोका म्हणजे एवढेच असते. प्रश्न असतो तो ही मोकळीक नेमकी कोणत्या सांध्यात आहे याचा.

मराठी माणसाला या कामात त्याची भाषा फार उपयोगी पडते, असे मला मनापासून वाटते. आपल्याकडे आवाजांना जितकी नावे आहेत, तितके रोगांचे प्रकार त्यांच्याशी जुळवता येतात. खुळखुळ म्हणजे हलके, सुटे आणि लहान काहीतरी : पेटीतला पाना, जॅकचा दांडा, ब्रेकच्या ड्रममधली निसटलेली स्प्रिंग. करकर म्हणजे कोरडे रबर किंवा पाट्यांच्या स्प्रिंगा असलेल्या गाडीत एकमेकांवर घासणारे पाटे. चालत्या माणसाच्या वेगाने जाताना ठरावीक लयीत येणारी चिर्रचिर्र ही बहुधा ग्रीस संपलेल्या क्रॉसची असते. वेगाबरोबर चढत जाणारी घूंघूं चाकाच्या बेअरिंगची किंवा डिफरन्शियलची. मधे रबर शिल्लक असेल तर आदळण्याचा आवाज धप्प असा येतो, आणि रबर उरले नसेल किंवा पोलाद थेट पोलादावर जात असेल तर टण्ण असा. माझ्या गाडीचा आवाज या दोहोंच्या मधला होता : ठक्क. एकदाच, कोरडा, प्रतिध्वनी नसलेला. ज्याने गाडी आणली आहे त्याला मिस्त्री पहिला प्रश्न "आवाज कसा येतो?" असा विचारतात, तेव्हा हा शब्द नीट निवडून सांगावा. "काहीतरी वाजतंय" एवढ्याने त्यांच्या हाती काहीच लागत नाही.

शब्द नेमका सापडला, तरी जागेच्या बाबतीत कान फसवतो, आणि त्याला कारण आहे. आवाज डावीकडून आला की उजवीकडून हे आपण बऱ्याच अंशी दोन कानांवर तो पोचण्याच्या वेळेतल्या फरकावरून ओळखतो, आणि हा फरक जास्तीत जास्त ०.६ ते ०.७ मिलिसेकंद एवढाच असतो. हवेत आवाजाचा वेग सेकंदाला सुमारे ३४० मीटर असतो, तर पोलादात तो सुमारे ५,००० मीटर असतो. म्हणजे चॅसीच्या मागच्या टोकाला बसलेला ठोका तीन मीटर पुढे पोचायलाही तेवढाच, ०.६ मिलिसेकंदाच्या आसपासचा वेळ पुरतो. मग तळाचे पत्रे, चाकांवरच्या कमानी, मागचे दार हे सगळे जणू एकाच क्षणी बोलू लागतात आणि जो पत्रा सर्वांत पातळ, तो सर्वांत मोठ्याने बोलतो. मी मागच्या आसनावर बसून, मुलीच्या मावशीला गाडी चालवायला सांगून, डोळे मिटून ऐकले, तेव्हा आवाज मला उजव्या मागच्या कोपऱ्यातून येताना स्पष्ट जाणवला. तो खोटा नव्हता. उजव्या कमानीचा पत्रा खरोखरच वाजत होता. त्याला वाजवणारे मात्र तिथे नव्हते.

त्या उजव्या कोपऱ्यावर मी विश्वास ठेवला. सुरुवातीची साधी कामे योग्य क्रमाने झाली होती : मागचे सगळे सामान उतरवले, जॅक आणि अवजारांची पेटी बाहेर काढली, सुट्या चाकाचा कंस (ब्रॅकेट) आवळला, धुरांड्याचा पाइप त्याच्या रबरी कड्यांवर हाताने हलवून तो चॅसीला लागत नाही ना हे पाहिले, मागचे दार कडीला कितपत सैल बसते तेही पाहिले. नव्याने सुरू झालेल्या खडखडाटांपैकी बरेचसे इथेच मिटतात, म्हणून हा अर्धा तास कुणी वाचवू नये. माझा ठोका मात्र तसाच राहिला, आणि तो कधीकधी खड्ड्यातही येत असल्यामुळे मी शॉक अ‍ॅब्सॉर्बरांकडे वळलो. उजव्याच्या वरच्या टोकाचे रबर चिरलेले होते. पुरावा सापडला असे वाटून मी दोन्ही नवे बसवले. गाडी सुधारली, खड्ड्यात मागचा भाग पूर्वीपेक्षा शांतपणे बसू लागला. आणि पहिल्याच वळणावर गिअर बदलताना ठोका आला. चिरलेले रबर हा खरा दोष होता, पण तो माझ्या आवाजाचा दोष नव्हता. जुन्या गाडीच्या तळाशी असे खरे दोष अनेक असतात आणि समोर दिसेल त्या दोषाला आवाजाचा धनी ठरवण्याचा मोह प्रत्येक वेळी होतो.

तेव्हा कुठे मी 'कुठे?' हा प्रश्न सोडला आणि 'कधी?' हा प्रश्न घेऊन बसलो. खड्डे असलेला एक छोटासा सरळ तुकडा निवडला आणि त्यावरून गाडी चालण्याच्या वेगाने आधी गिअरमध्ये, मग न्यूट्रलमध्ये नेली. जो आवाज दोन्ही वेळा येतो तो चाकांच्या वर-खाली होण्याचा, म्हणजे स्प्रिंग, शॉक आणि बुश यांचा. जो न्यूट्रलमध्ये नाहीसा होतो तो ताकदीच्या ओढीचा. माझा आवाज न्यूट्रलमध्ये जवळजवळ गेला. उभ्या गाडीला शेजारी उभे राहून बाजूने हेलकावे दिले, तेव्हा काहीच वाजले नाही, म्हणजे पानार रॉडवरचा संशय कमी झाला. मागे जाताना ब्रेक लावला की ठोका येई, पुढे जाताना जोर देऊन लगेच ब्रेक लावला तरी येई. पण एकसारख्या वेगाने कितीही अंतर गेलो तरी येत नसे.

ही शेवटची गोष्ट फार महत्त्वाची आहे. फिरणाऱ्या भागाचा दोष हा लयीत बोलतो आणि त्या लयीचे गणित करता येते. माझ्या टायरचा घेर सुमारे २.३ मीटर आहे. ताशी ३६ किलोमीटर, म्हणजे सेकंदाला १० मीटर या वेगाला चाक सेकंदात सव्वाचार-साडेचार फेरे घेते. डिफरन्शियलचे प्रमाण साधारण ४ धरले, तर त्याच सेकंदात प्रोपेलर शाफ्ट सतराच्या आसपास फेरे घेतो. सेकंदाला चारदा येणारी टकटक चाकाकडची किंवा ब्रेकच्या ड्रमकडची, आणि त्याच्या चौपट वेगाने येणारी थरथर शाफ्टकडची. माझ्या आवाजाला लय नव्हती. तो फक्त ओढ उलटताना येत होता : इंजिन गाडीला ढकलत असते ते थांबून गाडी इंजिनाला ओढू लागते, त्या एका क्षणी.

ओढ उलटताना येणाऱ्या ठोक्याचा पहिला संशयित प्रोपेलर शाफ्टचा क्रॉस असतो, आणि या वस्तूबद्दल मला विशेष आदर आहे. सोळाव्या शतकातील इटालियन विद्वान कार्दानो (१५०१–१५७६) आणि सतराव्या शतकातील इंग्रज शास्त्रज्ञ रॉबर्ट हुक (१६३५–१७०३) या दोघांचीही नावे या सांध्याला लावली जातात. कोनात असलेल्या दोन दांड्यांना तो एकत्र फिरवतो, पण एक तक्रार ठेवून : पहिला दांडा एकसारखा फिरत असला तरी दुसरा प्रत्येक फेऱ्यात दोनदा जलद आणि दोनदा मंद होतो. कोन जितका मोठा, तितका हा चढउतार मोठा. म्हणून शाफ्टच्या दोन टोकांना दोन क्रॉस असतात आणि पहिल्याने घातलेला चढउतार दुसरा पुसून टाकतो. त्यासाठी दोन्ही टोकांना क्रॉस धरणाऱ्या कानांची दिशा एकमेकींशी जुळलेली असावी लागते. सरकता सांधा सोडवण्यापूर्वी खडूने किंवा रंगाने खूण न करता तो पुन्हा बसवला, तर आधी नसलेली थरथर स्वतःच्या हाताने निर्माण होते. गाडी उंच करण्यासाठी लांब स्प्रिंगा बसवणाऱ्यांनाही हाच कोन त्रास देतो.

क्रॉस तपासणे सोपे आहे, पण त्याआधी एक गोष्ट सांगितलीच पाहिजे. काही खडतर रस्त्यांच्या गाड्यांमध्ये हातब्रेक चाकांवर नसतो, तो प्रोपेलर शाफ्टला धरतो. अशा गाडीचे एक मागचे चाक जॅकने उचलले, की डिफरन्शियलमुळे जमिनीवरचे दुसरे चाक मोकळेपणाने फिरू शकते आणि हातब्रेक पूर्ण ओढलेला असूनही गाडी जॅकवरून निघून जाते. गाडीत कोणताही ब्रेक असो, सपाट आणि कठीण जमीन, खाली राहणाऱ्या चाकांना पुढून-मागून अटकाव, आणि वजन जॅकवर न ठेवता स्टँडवर, एवढे झाल्याशिवाय मी खाली डोके घालत नाही.

शाफ्ट हाताने दोन्ही दिशांना पिळून पाहिला. क्रॉसच्या चारही वाट्यांमध्ये बारीक सुयांसारखे रोलर असतात. ते कोरडे पडले की वाटीच्या कडेला तांबूस भुकटी दिसते, आणि झिजले की क्रॉसच्या बोटांवर सुयांचे चर उमटतात आणि बोटाला जाणवेल अशी हालचाल येते. माझे दोन्ही क्रॉस घट्ट होते. सरकत्या सांध्याला ग्रीस दिले. त्या सांध्यातले आटे कोरडे असतील तर गाडी थांबताना ते अडकतात आणि निघताना सुटून ठोका देतात, आणि हा ठोका ग्रीसने जातो. दुसऱ्या दिवशी मला आवाज कमी झाल्यासारखा वाटला. मुलगी म्हणाली, "तेवढाच आहे, बाबा." ती बरोबर होती.

मग राहिले डिफरन्शियल, आणि इथे अनेक जण घाबरून चुकीचा खर्च करून बसतात. त्यातल्या क्राउन आणि पिनियन या दोन दातेरी चाकांच्या दातांमध्ये थोडी मोकळीक मुद्दामच ठेवलेली असते, बऱ्याच अ‍ॅक्सलांमध्ये ०.१५ ते ०.२० मिलिमीटरच्या आसपास. ती नसेल तर दाते तापून खराब होतील. त्यात गिअरबॉक्स, ट्रान्सफर केस (पुढच्या-मागच्या चाकांकडे ताकद वाटणारी पेटी), आटे यांची मोकळीक मिळवली, की शाफ्ट हाताने थोडा मागे-पुढे फिरतोच. तो फिरतो म्हणून डिफरन्शियल उघडू नये. लो गिअरमध्ये तर ट्रान्सफर केसनंतरची ओढ कित्येक पट वाढलेली असल्याने निरोगी गाडीही हलकासा ठोका देते. तेल काढून पाहिले. त्यात पोलादाचे तुकडे नव्हते, चुंबकाच्या बुचावर नेहमीचा काळपट गाळ होता. ते मी तसेच बंद केले, आणि हा निर्णय योग्य होता याचे मला आजही समाधान आहे.

दांड्यांचे बुश मी एकदा तपासले होते. गाडी लिफ्टवर घेऊन, टॉमी (पोलादी पहार) घालून, प्रत्येक टोक रेटून पाहिले होते; सगळे घट्ट. टॉर्क पाना (ठरलेल्या जोराला टिकटिकणारा पाना) लावला, तोही प्रत्येक बोल्टवर ठरलेल्या आकड्याला टिकटिकला. हे मी एका जुन्या मिस्त्रींना सांगितले, तेव्हा ते म्हणाले, "साहेब, गाडी टांगून बघितलीत तर टांगलेली गाडीच बघाल. आवाज जमिनीवर येतोय ना?" लिफ्टवर चाके लोंबतात, दांड्यांचे कोन बदलतात, स्प्रिंगांवरचा भार नाहीसा होतो, आणि माणसाच्या हातातल्या टॉमीचा जोर इंजिनाच्या ओढीपुढे काहीच नसतो. जिथे दोष बोलतो ती परिस्थितीच मी काढून टाकली होती.

ओढीखाली असलेल्या गाडीच्या खाली माणसाने जायचे नाही, हे ठरलेले. म्हणून प्रत्येक बोल्टचे डोके, त्याखालचा वॉशर आणि कंस यांवरून पांढऱ्या रंगाची एकेक सरळ रेघ ओढली आणि मोबाइल फोन चॅसीला पट्टीने घट्ट बांधून चित्रीकरण सुरू ठेवले. मोकळ्या जागेत मी गाडी पुढे घेई, पाय काढी, ब्रेक लावी, मागे घेई. मग फोन दुसऱ्या टोकाकडे वळवून पुन्हा तेच. चौथ्या चित्रफितीत, वेग कमी करून पाहताना, ते दिसले. डाव्या खालच्या दांड्याच्या पुढच्या टोकाला, जिथे तो चॅसीच्या कंसात बसतो तिथे, बोल्टचे डोके कंसावर केसभर पुढे सरकले आणि पाय काढताच केसभर मागे आले. प्रत्येक सरकण्याबरोबर ठक्क. मी उजव्या कोपऱ्यात शोधत होतो; ते डावीकडे होते, आणि चाकाच्या बरेच पुढे.

बोल्ट काढताना बाकीचे उलगडले. नट आट्यांतल्या गंजावर इतका घट्ट बसला होता, की टॉर्क पान्याला लागणारा जोर सगळा गंजाचाच होता. कंसाच्या दोन्ही बाजू बुशच्या आतल्या नळीवर मुळी दाबल्याच गेल्या नव्हत्या. चाप नसल्याने १४ मिलिमीटरचा बोल्ट त्याच्या भोकात मागे-पुढे होत राहिला आणि गोल भोक लांबट झाले, सुमारे दीड मिलिमीटरने. गाडी पुढे जोर करते तेव्हा चाके जमिनीला मागे रेटतात आणि अ‍ॅक्सलचे पुढचे, शाफ्टकडचे तोंड वर उचलू पाहते; त्यामुळे खालचे दांडे दाबाखाली येतात आणि वरचे ताणाखाली. पाय काढला किंवा ब्रेक लावला की हे सगळे उलटते. दर वेळी ओढ उलटली की बोल्ट भोकाच्या एका कडेवरून दुसऱ्या कडेवर. मुलीचे वाक्य शब्दशः हेच सांगत होते.

बुश चांगला होता. त्याच नटाला नवा बोल्ट लावून हे भागले नसते, कारण लांबट भोक चापाने काही दिवस गप्प बसते आणि पहिल्या खडकाळ चढावर पुन्हा सुटते. कंसाच्या दोन्ही अंगांना, नेमक्या मापाचे भोक असलेल्या जाड पोलादी चकत्या वेल्डिंगने बसवून घेतल्या. त्याआधी बॅटरी सोडवली आणि जवळून जाणाऱ्या इंधनाच्या नळीची काळजी घेतली. नवा बोल्ट, नवा नट. शेवटचे आवळणे मात्र चाके जमिनीवर ठेवून, गाडी तिच्या नेहमीच्या उंचीला बसल्यावर केले. या बुशचे रबर आतल्या आणि बाहेरच्या नळीला चिकटवलेले असते आणि तो फिरत नाही, पिळतो. गाडी लोंबत असताना आवळला, तर जमिनीवर उतरताच तो कायमचा पिळलेल्या अवस्थेत राहतो आणि लवकर फाटतो. चारही दांड्यांचे बोल्ट याच पद्धतीने बदलले, आट्यांना तारेचा ब्रश मारून, आणि पांढऱ्या रेघा पुन्हा ओढून ठेवल्या.

त्या संध्याकाळी मुलगी मागच्या आसनावर बसली. मी गिअर बदलले, पाय काढला, दाबला, मागे येऊन ब्रेक लावला. ठोका नव्हता. बऱ्याच वेळाने ती म्हणाली, "बाबा, आता एक बारीक घूंघूं ऐकू येतंय. आधी त्या ठक्कमध्ये कळत नव्हतं."

"कधी येतं?"

ती थोडा वेळ ऐकत राहिली. मी रुंद मोकळ्या जागेत गाडी आधी डावीकडे, मग उजवीकडे सावकाश वळवली.

"डावीकडे वळलात की वाढतं. उजवीकडे वळलात की जातं."

डाव्या वळणात भार उजव्या चाकावर येतो. दुसऱ्या दिवशी सकाळी मी उजव्या मागच्या चाकाचे नट सोडवायला घेतले.